मुद्देमालातला भोपळा

होशिया मुरेवांच्या बायकोनं बुलावायोच्या बसमध्ये चढण्याआधी त्यांच्या हातात चार पानं ठेवली. पाठपोट लिहिलेली.

"हे वाचा, आणि याच्याबाहेर काही करू नका," ती म्हणाली.

"माई रुतेंदो," मुरेवा म्हणाले, "या शहराचे नकाशे मी चौतीस वर्षं काढलेत."

"म्हणूनच सांगतेय."

बस गेली. थोरल्या लेकीचं, म्हणजे जिच्या नावानं तिकडच्या रीतीप्रमाणे दोघांना 'माई रुतेंदो' आणि 'बाबा रुतेंदो' म्हणत त्या रुतेंदोचं, दुसरं बाळंतपण होतं, आणि माई आता फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काही मुतारेला परतत नव्हत्या. मुरेवांनी बसथांब्यावरच्या बाकावर बसून चारही पानं वाचली आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. इतकी वर्षं नगरपालिकेच्या भूमापन खात्यातल्या मुख्य आरेखकाशी संसार करून बाईनं शेवटी लिहिलं काय, तर 'डेलियांचे फार लाड नकोत', 'टोमॅटोला वरून पाणी नको', 'खताच्या ढिगाला हात लावू नका', 'अडलं तर माई गुंबोंना विचारा' आणि त्याखाली दोन रेघा ओढून 'सिझिबांना विचारू नका'. लाड म्हणजे किती? वरून म्हणजे किती उंचीवरून? कशाला प्रमाण नाही, माप नाही, उत्तर दिशेचा बाणसुद्धा नाही.

त्यांनी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि दोन दिवसांत काळ्या शाईनं बागेचा नकाशा काढला. पुढच्या अंगणात डेलिया, झिनिया आणि कर्दळ. मागच्या अंगणात कोव्होची पालेभाजी, टोमॅटो, कांदे, घेवडा. प्रत्येक वाफ्याला क्रमांक, प्रत्येक झाडाला टिंब. सोबत एक जाडजूड वही घेतली आणि तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलं, 'बागेची रोजनिशी'. पाऊस किती मिलिमीटर, झाडाची उंची किती, पानं किती, कीड कोणती. हे झाल्यावर त्यांना इतकं समाधान वाटलं, की बाग अर्धी झालीच, आता राहिलं ते मातीकाम.

तिथला भर उन्हाळा डिसेंबरात येतो आणि येताना पाऊस बरोबर घेऊन येतो. सकाळी टोपी तापेल असं ऊन, आणि दुपारी तीनच्या सुमाराला डोंगरावरून ढग उतरले की तासभर नळ सोडल्यासारखा पाऊस. अशा हवेत काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. अडचण एवढीच, की तण त्याहून आधी फुटतं. मुरेवा सकाळी सहाला कुदळ घेऊन उतरत आणि आठपर्यंत त्यांची कंबर खात्यातल्या जुन्या टेबलासारखी करकरायला लागे.

शेजार दोन बाजूंना होता. डावीकडे माई गुंबो. तीस वर्षं दवाखान्यात सुईणीचं काम केलेली ही बाई झाडांशीही त्याच आवाजात बोलायची. उजवीकडे सिझिबा, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सिझिबांच्या स्वतःच्या अंगणात गवताचं पातंही नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या बागेकडे लक्ष द्यायला त्यांना सवड भरपूर असे.

"डेलिया नुसत्या उभ्या आहेत," सिझिबा कुंपणावर कोपर टेकून म्हणाले. "उपाशी आहेत बिचाऱ्या. कोंबडखत घाला. माझा मेहुणा कोंबड्या पाळतो. दोन पोती आणून देतो."

मुरेवांना त्या दोन रेघा आठवल्या. पण रेघा बायकोनं हातानं ओढल्या होत्या, पट्टीनं नव्हे. त्यांनी दोन्ही पोती घातली.

पंधरा दिवसांत डेलिया कमरेला आल्या. मग छातीला. मुरेवा रोज सकाळी मोजपट्टी लावून उंची लिहीत आणि बुलावायोला फोनवर सांगत, "तुझ्या वेळी कधी एवढ्या झाल्या नव्हत्या."

"फुलं किती आली?" माई विचारत.

"अजून उंची चालू आहे."

माई गुंबोंनी एकदा येऊन पानं उलटीपालटी करून पाहिली. "बाबा रुतेंदो, हिला खायला इतकं घातलंत, की फुलायची हिला गरजच उरली नाही," त्या म्हणाल्या. "जावई घरात बसवून पोसला तर नोकरी शोधतो का?"

मुरेवांनी रोजनिशीत लिहिलं : 'माई गुंबो यांचे मत निराळे.'

टोमॅटोवर करपा आला. त्यावर सिझिबांनी राख सांगितली, माई गुंबोंनी खालची पानं काढायला सांगितली. मुरेवांनी दोघांचाही मान राखला, आणि टोमॅटोंनी कुणाचाच राखला नाही. तरीसुद्धा मुरेवा खचले नाहीत. भूमापन खात्यात त्यांनी यापेक्षा मोठी संकटं पाहिली होती. एकदा तर एक अख्खी गल्ली नकाशातून गळली होती आणि तिच्यात माणसं राहत होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खताच्या ढिगावर, मागच्या भिंतीजवळ, दोन जाड गोल पानं वर आली. नकाशात त्या जागी टिंब नव्हतं. मुरेवांनी उपटायला हात घातला, तेवढ्यात माई गुंबो पलीकडून म्हणाल्या, "राहू द्या. भोपळा आहे. न बोलावता आलेलं मूल सगळ्यात धडधाकट निघतं. माझा अनुभव आहे."

मुरेवांनी विचार केला आणि नकाशात एक टिंब वाढवलं. खात्यात असताना त्यांनी पुष्कळ बेकायदा बांधकामं अशीच कायदेशीर केली होती.

वेल रोज वीतभर वाढायला लागला, मग हातभर. त्यानं कांद्याचा वाफा ओलांडला, घेवड्याच्या काठ्यांवर चढून घेवडा खाली बसवला, आणि नाताळच्या आत मागच्या भिंतीच्या माथ्यावर जाऊन पलीकडे वाकून पाहिलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. भोपळ्याची कुंपणापासून सुरू होते.

भिंतीपलीकडे पामग्रोव्ह पोलीस चौकीचं आवार होतं. जप्त केलेल्या गाड्या तिथे ओळीनं उभ्या असत. अगदी भिंतीला लागून एक सोळा आसनांची प्रवासी गाडी होती, जिला तिथले लोक कोंबी म्हणतात. खोटा परवाना लावून चालवल्याबद्दल ती ऑक्टोबरात धरली होती आणि तिच्या सगळ्या दारांवर लाखेचं सील होतं. वेल तिच्या टपावर उतरला.

आता भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, वर शेंगदाण्याचं कूट घालून, सोबत साझाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, घट्ट गोळा, हे काय असतं ते ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. चौकीतल्या शिपायांनी ते खाल्लेलं होतं. दोन दिवसांत कोंबीच्या टपावरचे सगळे शेंडे गायब झाले आणि दुपारी भिंतीपलीकडून जो वास आला, त्यावरून मुरेवांना तपास करायची गरज उरली नाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

त्यांनी स्वच्छ शर्ट घातला, बागेचा नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि रीतसर तक्रार द्यायला चौकीत गेले.

टेबलापाशी सार्जंट नोमॅटर होवे बसली होती. वय बत्तीस-तेहेतीस, इस्त्री अशी की कापड मोडावं. आईबापांनी नाव नोमॅटर, म्हणजे 'काही बिघडत नाही', असं ठेवलेलं. पण या बाईच्या मते कुठल्याही गोष्टीनं काही ना काही बिघडतंच. तिनं तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"सेकुरू," ती म्हणाली. सेकुरू म्हणजे आजोबा. मुरेवांचं वय त्रेसष्ट होतं, पण हे त्यांना अजून कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. "सेकुरू, पानं कुठून तोडली?"

"माझ्या वेलावरून."

"वेल कुठे होता?"

"टपावर."

"टप कुठे आहे?"

मुरेवांनी नकाशा दुसऱ्या काखेत घेतला. सार्जंट उठली आणि तिनं मागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला चौकीच्या आवाराचा नकाशा दाखवला. "या नकाशाप्रमाणे तुमची हद्द इथे, भिंतीशी संपते. पुढे सरकार. हा नकाशा चुकलाय असं तुमचं म्हणणं आहे का?"

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, सुबक अक्षरात, आरेखकाची सही होती : 'हो. मुरेवा'.

"नकाशा बिनचूक आहे," ते म्हणाले, आणि तक्रार मागे घेऊन ताठ मानेनं घरी आले. आपल्या हातच्या नकाशानं आपल्याला हरवावं, यात दुःख होतंच, पण नकाशा किती चांगला होता याचा अभिमानही थोडा होता.

अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी गारा पडल्या. दहा मिनिटांचा खेळ, पण झिनिया जमिनीला मिळाल्या, उरलेसुरले टोमॅटो गेले, सिझिबांचं एक कौल फुटलं. मुरेवा डोक्यावर पातेलं धरून अंगणात फिरले आणि त्यांनी सगळी नोंद घेतली. गारांनी कोंबीची मागच्या बाजूची डावी काचही फुटली होती. सहा दिवसांनी वेलाचा शेंडा त्या भगदाडातून आत गेला. कोंबीत कोंब शिरला, हे मुरेवांनी शिडीवर उभं राहून डोळ्यांनी पाहिलं आणि तारखेसह लिहून ठेवलं.

आत, उघड्या खिडकीच्या कडेला, एक मादी फूल धरलं. बुडाशी लिंबाएवढा गोळा. वेलाला आजवर धरलेलं हे पहिलंच. बाहेरची सगळी नर फुलं तरी होती, नाहीतर शिपायांनी खुडली होती.

"टिकणार नाही," सिझिबा म्हणाले. "मधमाश्या गाडीत शिरत नाहीत. डिझेलच्या वासानं त्यांना भोवळ येते. तुम्हालाच करावं लागेल. नर फूल घ्यायचं, पाकळ्या काढायच्या, आणि हळूच तिला टेकवायचं. सकाळी नवाच्या आत. नंतर ती मिटते."

ते फूल उमललं रविवारी. मुरेवा चर्चमधले ज्येष्ठ सदस्य होते आणि साडेनवाला त्यांना बायबलमधला उतारा वाचायचा होता, म्हणून त्यांनी सूट घालूनच काम उरकायचं ठरवलं. शिडी लावली, भिंतीवर पोट टेकलं, पाय घराच्या बाजूला, धड सरकारच्या बाजूला, आणि नर फूल धरलेला हात फुटक्या काचेतून खांद्यापर्यंत आत घातला. फूल फुलाला टेकणार एवढ्यात खालून आवाज आला.

"सेकुरू. हात वर."

मुरेवांनी खाली पाहिलं. सार्जंट होवे आणि दोन शिपाई उभे होते. शिपायांच्या हातात चहाचे कप होते.

"आत्ता वर करता येणार नाही," मुरेवा म्हणाले. "पराग सांडेल."

"हात वर."

त्यांनी आधी फूल टेकवलं, दोनदा हळूच फिरवलं, मगच हात काढला. यात पाच-सहा सेकंद गेले असतील. पण पोलिसांच्या देखत, हुकूम मिळाल्यावर घेतलेले पाच-सहा सेकंद कागदावर फार लांब होतात.

चौकीत जबाब सुरू झाला. "सील केलेल्या वाहनात काय करत होतात?"

"परागीभवन."

सार्जंटनं पेन थांबवलं. "याला कलम कोणतं?"

हे मुरेवांना माहीत नव्हतं. शिपायांनाही नव्हतं. एवढ्यात माई गुंबो चर्चच्या टोपीनिशी चौकीत आल्या. सिझिबांनी त्यांना वर्दी दिली होती, आणि रस्त्यात आणखी बऱ्याच जणांना.

"अगं, लग्न लावत होते ते," माई गुंबो म्हणाल्या. "नराचा पराग मादीला. यात गुन्हा असेल तर मलाही धर. मी तीस वर्षं त्याच धंद्याच्या शेवटच्या टोकाला होते. तुलासुद्धा मीच बाहेर काढलंय. तेव्हाही तू अशीच कपाळाला आठी घालून आली होतीस."

शिपायांनी कपात तोंड घातलं. सार्जंटनं मान वर न करता लिहिलं : 'सदर इसम पोलीस आवारातील जप्त वाहनात वनस्पतींचा विवाह लावताना आढळला.' समज देऊन सोडलं. चर्चमध्ये मुरेवा बारा मिनिटं उशिरा पोचले, बाहीवर पिवळा पराग घेऊन, आणि उतारा वाचायला उभे राहिले तेव्हा सगळ्या बाकांवरची माणसं बाहीकडेच बघत होती. मुरेवांनी उतारा नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचला.

लग्न लागलं होतं. चार दिवसांत लिंबाचं संत्रं झालं. पण सार्जंट होवे दुसऱ्याच दिवशी नियमांचं पुस्तक घेऊन बसली होती, आणि बुधवारी मुरेवांना शिक्क्याचं पत्र आलं. सील केलेल्या वाहनात जे जे आढळेल, ते निकाल लागेपर्यंत मुद्देमालात धरलं जाईल. आत एक भोपळा आढळला आहे. त्याची नोंद क्रमांक सतरा अ. सबब त्यास, व त्यास जिवंत ठेवणाऱ्या वेलास, न्यायालयाच्या परवानगीवाचून कापणे, ओढणे, हलवणे अथवा अन्य प्रकारे छेडणे यास मनाई आहे.

पत्राचा अर्थ मुरेवांच्या हळूहळू ध्यानात आला. वेलाचं मूळ त्यांच्या अंगणात होतं. म्हणजे अंगणातला वेलही छेडायचा नव्हता. आणि वेलाला आता कुणाचीच भीती उरली नव्हती. त्यानं कोव्हो झाकला. कांदे झाकले. घराला वळसा घालून एक फाटा पुढच्या अंगणात आला आणि डेलियांच्या अंगावर चढला. डेलिया आता साडेसहा फूट होत्या, आणि फुलाचा पत्ता नव्हता. मुरेवा रोज सकाळी कात्री घेऊन बाहेर येत, पत्र आठवत, आणि कात्री घेऊन आत जात.

"बाग कशी आहे?" फोनवर माई विचारत.

"सगळं हिरवंगार आहे," मुरेवा सांगत. हे खोटं नव्हतं.

आणि तरीही, संध्याकाळी पाऊस उघडल्यावर ते शिडीवर चढून कोंबीत डोकावत, तेव्हा त्यांचा ऊर भरून यायचा. भोपळा मागच्या खिडकीखालच्या सीटवर, भाडं भरलेल्या प्रवाशासारखा, रेलून बसला होता. फेब्रुवारी लागला तेव्हा तो खिडकीतून बाहेर येण्यापलीकडे गेला होता. मुरेवांनी आयुष्यात शेकडो नकाशे काढले होते, पण त्यांतला एकही नकाशा रात्रीत दोन बोटं वाढला नव्हता. सिझिबा येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीशी आणून दाखवायला लागले. "माझ्या सांगण्यावरून धरलाय तो," ते म्हणत. शिपाईही आता पानांना हात लावत नसत. उलट रोज सकाळी हजेरीनंतर एक जण आत बघून बाकीच्यांना वाढ सांगे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी फाटक वाजलं. सार्जंट होवे एकटीच होती. टोपी काढून हातात धरली होती, हे मुरेवांनी प्रथमच पाहिलं.

"सेकुरू, गारा कधी पडल्या ते तुम्ही कुठे लिहिलंय का?"

"का?"

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. कोंबीचा मालक साउन्यामा कोर्टात म्हणत होता, की पोलिसांनी काच फोडून आतला रेडिओ चोरला. आवाराच्या किल्ल्या तिच्याकडे असतात, त्यामुळे बोट तिच्याकडे होतं. काच कधी आणि कशी फुटली याची चौकीत नोंद नव्हती, कारण त्या दिवशी ती रजेवर होती आणि शिपायांना वाटलं होतं, बाई आल्यावर लिहितील. उद्या मॅजिस्ट्रेट पाहणीला येणार. डाग लागला तर सरहद्दीवरच्या कुठल्यातरी ठाण्यावर बदली. घरी आई अंथरुणावर.

"तिथे दवाखाना नाही," ती म्हणाली. "बाकी मला कुठेही चालतं."

मुरेवांच्या मनात आलं, की आत्ता नुसतं 'बघतो' म्हटलं तरी पुरे. भोपळा, वेल, सेकुरू, बाहीवरचा पराग, सगळ्याची वसुली होईल. त्यांनी तिच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग आत जाऊन रोजनिशी आणली.

"उद्या मी स्वतः वाचून दाखवतो," ते म्हणाले. "दुसऱ्याला माझं अक्षर लागेल, पण तो मोजमापं घाईनं वाचेल."

शुक्रवारी सकाळी चौकीच्या आवारात मॅजिस्ट्रेटबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, चिखलासाठी गमबूट घालून. साउन्यामा चकचकीत बुटांत आला होता आणि कोरडी जागा शोधत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. भिंतीवरून सिझिबा आणि माई गुंबो बघत होते.

"हे गृहस्थ कोण?" मॅजिस्ट्रेटबाईंनी मुरेवांकडे पाहून विचारलं.

"यांचा माझ्या गाडीशी काही संबंध नाही," साउन्यामा म्हणाला.

"माझा भोपळा तिच्यात आहे," मुरेवा म्हणाले, आणि वही उघडली. "अठ्ठावीस डिसेंबर. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. गारा. सर्वांत मोठी एकतीस मिलिमीटर. नुकसान : टोमॅटो अकरा झाडं, झिनिया सर्व, सिझिबा यांचं एक कौल, आवारातील वाहनाची मागील डावी काच. काचेचे तुकडे आतल्या बाजूस. तीन जानेवारी. सकाळी सात. वेलाचा शेंडा सदर भगदाडातून आत. आतील भाग स्वच्छ दिसतो. सीट जागेवर, रेडिओ जागेवर."

"गार तुम्ही मोजलीत?" बाईंनी विचारलं.

"वितळायच्या आत."

"कौलाचं खरं आहे," भिंतीवरून सिझिबा म्हणाले. "अजून बसवलेलं नाही."

"मग मला रेडिओ दिसला नाही तो कसा?" साउन्यामा म्हणाला. "परवा खिडकीतून पाहिलं. नुसता पाला दिसला. रेडिओची जागाच नाही."

"मग दार उघडा," बाई म्हणाल्या.

सार्जंटनं पंचांसमोर सील फोडलं. दार सरकलं आणि आतून ओलसर, हिरवा, गोडसर वास बाहेर आला. पानांनी सगळी गाडी भरली होती. बाईंनी स्वतः आत वाकून एकेक पान बाजूला केलं. स्टिअरिंगच्या शेजारी, एका ताटाएवढ्या पानाखाली, रेडिओ होता. बटणाला वेलाच्या तंतूनं तीन वेढे घातले होते.

साउन्यामानं तंतू सोडवला आणि बटण फिरवून पाहिलं. "वाजत नाही," तो म्हणाला.

"चार महिने बॅटरी न लावता माझाही वाजणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी तिथेच, गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवून, चोरीचा आरोप फेटाळला. परवान्याचा खटला चालू राहणार होता. नंतर त्यांची नजर मागच्या सीटवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"हा नोंद क्रमांक सतरा अ?"

"हो, बाई," सार्जंट म्हणाली.

"सीट माझी आहे," साउन्यामानं शेवटचा प्रयत्न केला. "महिनाभर बसलाय माझ्या सीटवर. अर्धा तरी माझा होतो."

"सीट तुमची. भोपळा यांचा," बाई म्हणाल्या. "पानं सरकारची धरली असती, पण ती सरकारनं खाल्लेली दिसतात." शिपाई बुटांकडे पाहायला लागले. "वेल कापायला परवानगी. भोपळा मूळ मालकाला परत."

चाकू सार्जंटनं आणला, पण देठ मुरेवांनी कापला. चौघांनी मिळून भोपळा बाहेर काढला. एका बाजूला त्याला सीटच्या पाठीचा सपाट आकार आला होता, बाकी तो राखी-हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि सगळ्या आवारानं श्वास रोखावा असा होता. भिंतीवरून द्यायचा तर शिडी मोडली असती. म्हणून तो एकचाकी गाडीत ठेवला आणि रस्त्यानं वळसा घालून न्यायचं ठरलं. मधे मुरेवा ढकलत, बाजूला सार्जंट होवे एक हात भोपळ्यावर ठेवून तोल सांभाळत, मागे माई गुंबो, आणि सर्वांच्या पुढे, रस्ता मोकळा करत, सिझिबा.

कोपऱ्यावरच्या दुकानापुढे माणसं उभी राहिली. कुणी टोपी काढली. चर्चमधल्या दोन बायका फाटकातून बाहेर आल्या. "मुरेवाबाबा, हाच का तो?" एकीनं विचारलं.

"हाच," मुरेवा म्हणाले. बाहीला पुन्हा पराग लागला होता आणि या वेळी तो त्यांनी झटकला नाही.

या सगळ्यात बुलावायोची बस सकाळी पोचते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून पार गेली होती. घराच्या फाटकाशी माई रुतेंदो उभ्या होत्या, पायाशी दोन पिशव्या, हातात नातीचे फोटो. त्यांनी आपला नवरा वर्दीतल्या पोलीसबाईबरोबर येताना पाहिला आणि फोटो पिशवीत ठेवले.

"काय केलंत?"

"काही नाही, माई," सार्जंट म्हणाली. "सेकुरूंनी कोर्टात साक्ष दिली. नोकरी वाचली माझी." ती मुरेवांकडे वळली, टाचा जुळवून सलाम केला, आणि निघून गेली.

माईंनी भोपळ्याभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकला. सपाट बाजूवरून हात फिरवला. बाई गावाकडच्या होत्या, भोपळा कळणाऱ्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"हा कुणी लावला?"

सिझिबा खाकरले. माई गुंबो आभाळाकडे बघत राहिल्या.

"मी," मुरेवा म्हणाले.

माईंनी मान डोलावली. मग फाटक ढकलून त्या आत गेल्या, घराला वळसा घालून पुन्हा पुढे आल्या आणि थांबल्या. मागे कोव्हो नव्हता, टोमॅटो नव्हते. पुढे झिनिया नव्हत्या. डोक्याच्याही वर वीतभर, वेलानं गुरफटलेल्या, बिनफुलांच्या डेलिया मात्र होत्या.

"आणि हे कुणी केलं?"

डोंगरावरून ढग आज सकाळीच उतरायला लागले होते. मुरेवांनी काखेतली वही नीट केली.

"पाऊस," ते म्हणाले. "यंदा फार झाला. माझ्याकडे नोंदी आहेत."